घरच्या सर्व्हरचे बिल काम नसताना चढते

एक वॅट वर्षभर अखंड जळला की ८.७६ युनिट होतात. चोवीस तास गुणिले ३६५ दिवस, भागिले हजार, इतकेच गणित. सोलापुरात घरच्या नेटवर्कसाठी सर्व्हर, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या कामासाठी चोवीस तास चालू राहणारा संगणक, घेणाऱ्याने प्रोसेसर, रॅम आणि कंपनी यांच्या आधी हा आकडा ध्यानात घ्यावा. घरातल्यांचे फोटो साठवणे, टीव्हीला सिनेमे पुरवणे, जाहिराती अडवणे, पाणी येण्याच्या दिवशी टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणे, अशा कामांसाठी ठेवलेले यंत्र दिवसातला बहुतेक वेळ नुसते बसून असते. त्यामुळे भर कामात ते किती वीज घेते यापेक्षा बसल्या बसल्या किती घेते, हे महत्त्वाचे.

बहुतेकांची सुरुवात माळ्यावरच्या जुन्या डेस्कटॉपपासून होते, कारण तो फुकट वाटतो. असा डेस्कटॉप काही काम नसताना साधारण ४५ ते ६५ वॅट घेतो. ५५ धरले तर महिन्याला ४० युनिट. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि शंभर युनिटांच्या पुढचा टप्पा एकदम महाग होतो. वाढीव युनिटे नेहमी तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याला जाऊन चिकटतात, म्हणून सरासरी दराने हिशोब केला की तो चुकतो. सगळे आकार धरून वरचे युनिट १२ रुपयांना पडते असे मानू. डेस्कटॉपच्या जागी ९ वॅटचे छोटे यंत्र आले तर ४६ वॅट वाचतात, म्हणजे वर्षाला ४०३ युनिट, जवळपास ४,८०० रुपये. दोन-तीन वर्षांत नव्या यंत्राची किंमत वसूल होते.

डेस्कटॉप एवढी वीज का खातो? पहिला दोष एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा. ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ४५ वॅटचा भार म्हणजे क्षमतेच्या दहा टक्के, आणि इतक्या हलक्या भाराला त्याची कार्यक्षमता घसरते. कार्यक्षमतेचा ‘८० प्लस’ हा शिक्का इथे फारसा कामाचा नाही, कारण टायटॅनियमसारखे अगदी वरचे दर्जे सोडले तर ती चाचणी २० टक्के भाराच्या खाली उतरतच नाही. दुसरा दोष मदरबोर्ड आणि त्यावर बसवलेल्या कार्डांचा. आजचे प्रोसेसर काम नसले की आपले एकेक भाग बंद करत गाढ झोपेत जातात. पण एखादे जुने साटा (डिस्क जोडण्याचे) कार्ड किंवा नेटवर्क कार्ड वीज वाचवण्याच्या सोयीला साथ देत नसेल, तर तेवढ्यामुळे अख्खा प्रोसेसर जागा राहतो. लिनक्सवर पॉवरटॉप हा प्रोग्रॅम चालवला की प्रोसेसर कोणत्या पातळीपर्यंत झोपतो ते दिसते. या पातळ्यांना ‘सी’ आणि आकडा अशी नावे असतात, आकडा मोठा तितकी झोप गाढ. ‘सी२’ किंवा ‘सी३’च्या पुढे तो जात नसेल तर कार्डे एकेक काढून पाहावीत. कार्ड काढल्यावर पाच-सात वॅट एकदम उतरणे हे नवल नाही.

प्रोसेसरवर वॅटमध्ये लिहिलेल्या टीडीपीच्या आकड्यावरूनही गोंधळ होतो. इंटेलचा ३५ वॅटचा ‘टी’ (नावाच्या शेवटी टी असलेला) प्रोसेसर आणि त्याच पिढीचा ६५ वॅटचा साधा प्रोसेसर बसलेले असताना जवळपास सारखीच वीज घेतात. टीडीपी ही भर कामातल्या उष्णतेची मर्यादा आहे. ‘टी’साठी जादा पैसे मोजणाऱ्याची वीज वाचत नाही, फक्त पंखा कमी ओरडतो.

आता पर्याय. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, एकाच बोर्डाचा संगणक बसल्या जागी ३ ते ४ वॅट घेतो. नुसत्या जाहिराती अडवायच्या किंवा घरातले सेन्सर सांभाळायचे असतील तर याहून स्वस्तात भागत नाही. साठवणुकीला मात्र तो अडचणीचा आहे. त्याच्या पाचव्या आवृत्तीला, पाय ५ ला, ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचे चार्जर ५ व्होल्टला बहुधा ३ अँपिअरच्या पुढे जात नाहीत, आणि असा चार्जर लावला की पाय आपल्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलीअँपिअरची मर्यादा घालतो. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त प्रवाह ओढते. डिस्क टिकटिक करते, दिसते, नाहीशी होते, आणि लोक डिस्क खराब म्हणून परत करायला निघतात. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी कार्डवर असेल तर लिहिणे चालू असताना लाइट गेली की कार्ड बिघडण्याची भीती असतेच. पाय घेतलाच तर सिस्टीम एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवर) ठेवावी.

इंटेलचा एन१०० हा २०२३ साली आलेला प्रोसेसर असलेले मिनी पीसी ६ ते १० वॅटवर बसून राहतात. चार कोअर आहेत, आणि व्हिडिओ एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलणारे वेगळे सर्किट त्याच्या पोटातच आहे. जेलीफिनसारखा मीडिया सर्व्हर चालवायचा असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो, कारण पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारे हार्डवेअर नाही आणि ते काम सॉफ्टवेअरवर पडते.

तिसरा पर्याय कार्यालयांतून निघालेल्या लिटरभर आकाराच्या पीसींचा: डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेले यंत्र साधारण ८ ते १५ वॅट घेते. अडॅप्टर मूळ कंपनीचाच आहे ना, हे विकत घेताना पाहावे. काही यंत्रे परक्या अडॅप्टरवर चालतात, पण प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतात. बहुतेक घरांना हाच पर्याय सर्वांत परवडणारा आहे असे आमचे मत. एन१०० घ्यावा तो व्हिडिओचे काम जास्त असेल तर.

जुना लॅपटॉप मोहात पाडतो, कारण त्याला बॅटरी असते आणि स्क्रीन बंद ठेवली तर तोही १० वॅटच्या आसपास राहतो. पण कायम शंभर टक्के भरलेली लिथियम बॅटरी सोलापूरच्या मे महिन्यात फुगण्याची भीती असते. चार्ज ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तरच लॅपटॉप वापरावा, आणि टचपॅड वर उचललेला दिसला की त्याच दिवशी बॅटरी काढावी.

विक्रेत्याच्या आकड्यांवर न थांबता मोजून पाहावे. वीज मोजणारा स्मार्ट प्लग उपयोगी पडतो, पण तो नसला तरी घराचे मीटर आहेच. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘इम्प प्रति किलोवॅट-तास’ असा आकडा छापलेला असतो, समजा ३२००. घरातले बाकी सगळे बंद करा, इन्व्हर्टरचे चार्जिंगसुद्धा. एका लुकलुकीपासून पुढच्या लुकलुकीपर्यंतचे सेकंद मोजा. ३६,००,००० ला छापील आकडा आणि सेकंद यांच्या गुणाकाराने भागले की वॅट मिळतात. ३२०० च्या मीटरवर ७५ सेकंद आले तर यंत्र १५ वॅट घेते. यंत्र सुरू केल्यावर दहा मिनिटे थांबून मोजावे, सुरुवातीच्या घाईगर्दीचा आकडा फसवतो.

डिस्ककडेही तेवढेच लक्ष हवे. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत राहिली तरी ४ ते ६ वॅट घेते. अशा दोन डिस्क लावल्या की कमी विजेच्या यंत्राचा वीजखर्च जवळपास दुप्पट होतो. अडीच इंचीला साधारण एक वॅट लागतो, एसएसडीला त्याहूनही कमी. दोन टेराबाइटमध्ये भागत असेल तर एसएसडीच घ्यावी. आरसा-प्रत ठेवणाऱ्या रेडसाठी दुसरी डिस्क चोवीस तास फिरवण्याऐवजी ती कपाटात ठेवून आठवड्यातून एकदा जोडावी आणि प्रत काढावी. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्हीकडून पुसते, कपाटातली डिस्क तसे करत नाही.

आता सोलापूरचा खास भाग. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही भिंती तापलेल्या असतात. हार्ड डिस्कची कामाची मर्यादा बहुधा ६० अंश असते. ४२ अंशांच्या खोलीत बंद डब्यातली डिस्क तिथवर सहज पोचते. रास्पबेरी पाय ८० अंशांना वेग कमी करू लागतो. म्हणून टीव्हीखालचे बंद कपाट ही सर्व्हरची जागा नव्हे. तळमजल्याची आतली भिंत आणि जमिनीपासून दोन-तीन फूट उंची, ही जागा चांगली. पूर्व भागात, जिथे घराशेजारीच यंत्रमाग चालतो, तिथे सुताचे बारीक तंतू पंख्याच्या पात्यांमागच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. तिथे पंखा नसलेले, धातूच्या खाचांच्या आवरणाचे यंत्र बरे. फक्त ते उभे ठेवावे, म्हणजे खाचांमधून गरम हवा वर निघते. पंख्याचे यंत्र असेल तर महिन्यातून एकदा जाळी ब्रशने साफ करावी. फुंकर किंवा ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होते.

लाइट जाण्याचा बंदोबस्त. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतोच. त्याच्या मागे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये बदल लवकर होतो, पण व्होल्टेज जरा कमी झाले तरी तो बॅटरीवर जातो, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या भागात बॅटरी विनाकारण रिकामी होते. साध्या मोडमध्ये बदलाला वेळ लागतो आणि डेस्कटॉप बंद पडून परत सुरू होतो. छोट्या पीसीचे इथे वेगळेच जमते: ६५ वॅटच्या अडॅप्टरवर १० वॅटचा भार असेल तर त्याच्या कपॅसिटरमधली साठलेली वीज जास्त वेळ पुरते, आणि साध्या मोडमध्येही यंत्र बहुधा तग धरते. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस चालतो. पण मिनी पीसी १२ व्होल्टचा आहे की १९ चा, हे अडॅप्टरवर वाचावे, आणि यूपीएसवर २ अँपिअर लिहिले असेल तर त्याची धाव २४ वॅटपर्यंतच असते.

बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय शोधून ती चालू करावी. ती राहिली तर गावाला गेल्यावर लाइट जाऊन येते, घरातले सगळे सुरू होते आणि सर्व्हर मात्र कोणी बटण दाबेपर्यंत बंद. सगळे जोडून झाल्यावर मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी परत लावावा आणि डिस्क जोडली गेली का, प्रोग्रॅम उठले का, हे मोबाइलवरून पाहावे. राउटर सर्व्हरच्या नंतर जागा झाला आणि सर्व्हरला त्याच्याकडून नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता मिळालाच नाही, ही गडबड याच चाचणीत सापडते. त्यावर उपाय सोपा: सर्व्हरला स्थिर, म्हणजे न बदलणारा, आयपी पत्ता द्यावा.