एटीव्ही: बेल्टची की दातांची?

नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या एटीव्हीला (वाळूत-चिखलात चालणारी, जाड टायरांची चारचाकी) बहुतेकदा क्लचचा लिव्हर नसतो. अंगठ्याने थ्रॉटल दाबला की गाडी निघते, म्हणून ती 'ऑटोमॅटिक'. पण हा शब्द फार सैल आहे. मुलांच्या ११० सीसीच्या गाडीत अनेकदा नुसता सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाचे फेरे वाढले की आपोआप धरणारा) आणि पुढे जायला एकच गिअर असतो, तीही ऑटोमॅटिकच. त्यामुळे 'ऑटोमॅटिक घेऊ की बेल्टची?' हा प्रश्नच थोडा चुकतो, कारण बेल्टचीही ऑटोमॅटिकच असते. विचारायचं ते हे, की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत रबराच्या घर्षणाने जाते की तेलात बुडालेल्या पोलादी दातांनी.

बेल्टची कल्पना जुनी आहे. डच कंपनी डॅफने १९५८ मध्ये 'व्हेरिओमॅटिक' नावाच्या बेल्टच्या यंत्रणेची मोटार आणली. आपल्याकडे १९८४ च्या कायनेटिक होंडाने हेच तंत्र स्कूटरमध्ये घरोघरी पोचवलं, आणि १९८५ मध्ये अमेरिकेत पोलारिसने 'ट्रेल बॉस' या एटीव्हीत ते बसवलं. रचना सोपी आहे. दोन पुली, मध्ये व्ही आकाराचा बेल्ट. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात आणि तिच्या दोन तबकड्या जवळ येतात. बेल्ट त्या पुलीवर वर चढतो, मागच्या पुलीत खाली उतरतो. गिअर 'बदलत' नाही, सरकत राहतो.

निघताना घसरतं काय, यात मात्र गाड्यागाड्यांत फरक आहे. स्कूटरमध्ये बेल्ट सतत ताणलेला असतो आणि मागच्या पुलीवरच्या क्लचचे शू (घर्षणाचे पट्टे) घसरतात. पोलारिसच्या बऱ्याच एटीव्हींत वेगळा क्लचच नाही. आयडलिंगला पुढची पुली उघडी, बेल्ट सैल, आणि निघताना घसरतो तो बेल्टच. यामाहाने 'अल्ट्रामॅटिक'मध्ये तेलातला क्लच बेल्टच्या आधी बसवला, त्यामुळे घसरण्याचा त्रास तेलातल्या क्लचने सोसायचा, बेल्टने नाही. आमच्या मते बेल्टच्या गाड्यांमधली ही सर्वांत शहाणी मांडणी.

कारण बेल्टचा शत्रू उष्णता. ३३ किलोवॅटच्या इंजिनाची १० टक्के ताकद जरी बेल्टमध्ये वाया गेली, तरी पूर्ण थ्रॉटलला ३ किलोवॅटहून जास्त उष्णता होते. घरचा गिझर प्लॅस्टिकच्या डब्यात चालू ठेवावा तसं. ती बाहेर काढायला पुलीवरची पंख्याची पाती आणि हवेचे दोन पाइप, एवढंच.

सर्वांत महागात पडणारी चूक चिखलात होते. चाकं रुतलेली, गाडी जागची हलत नाही, आणि चालवणारा थ्रॉटल दाबूनच धरतो. मागची पुली थांबलेली, म्हणून बेल्टही थांबलेला. पुढची पुली मात्र त्याच्या त्याच भागावर घासत फिरते. काही सेकंदांत जळक्या रबराचा वास येतो. असा बेल्ट काढून हातात घ्या: कडा काचेसारख्या चकाकतात आणि एका ठिकाणी तो डमरूसारखा अरुंद झालेला दिसतो. पुढे गाडी चालली तरी तो भाग पुलीत आला की दर वेळी 'धप्' असा हिसका बसतो. त्यावर औषध नाही, बेल्ट बदलायचा.

उपाय 'लो'चा, म्हणजे संथ पण जोरदार गिअरचा. ताशी १०–१५ किलोमीटरच्या खाली, चढावर किंवा ट्रॉली ओढताना लो टाका. लो-हायची गिअरपेटी बेल्टच्या पुढे, चाकांच्या बाजूला असते. त्यामुळे लोमध्ये त्याच वेगाला दोन्ही पुली जास्त वेगाने फिरतात, बेल्टवरचा ताण उतरतो, पकड घट्ट बसते आणि पंखाही जास्त हवा ओढतो.

ओढ्यात बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. डब्याच्या तळाचा ड्रेन प्लग काढून पाणी सोडा, न्यूट्रलमध्ये १०–१५ सेकंद रेस कमीजास्त करा, मग लोमध्ये सावकाश निघून बघा.

दातांच्या बाजूला हे काहीच नाही. होंडाच्या 'रँचर ४२०' मध्ये ड्युअल क्लच गिअरपेटी मिळते: एका क्लचकडे १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्याकडे २ आणि ४; एक सुटतो तेव्हा दुसरा धरतो. होंडाच्याच 'रिंकन'मध्ये टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देणारा) आणि तीन गिअर. सगळं तेलात, बंदिस्त. पाण्याची भीती कमी, उतारावर इंजिनाचा ब्रेक भरवशाचा. मागणी एकच, तेल वेळेवर बदला, साधारण दर १०० तासांनी. पण बिघडलं तर रानात काही करता येत नाही, गाडी ओढूनच आणायची. शिवाय बेल्टची गाडी वेग घेताना जशी अखंड खेचते, तशी ही खेचत नाही. गिअर बदलताना जाणवतो. शेतावर, ओझं वाहायला, रोज संथ चालवायला आम्ही दातांची घेऊ. वाळूत भरधाव पळवायची तर बेल्टची, पण सीटखाली एक जादा बेल्ट ठेवूनच.

तो बसवताना पुली स्पिरिटने पुसा, ग्रीसचा हात लावू नका. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा. पहिले ५० किलोमीटर थ्रॉटल पूर्ण दाबू नका. आणि जुना तुटलेला असेल तर डब्यातला शेवटचा धागाही चिमट्याने काढा. पुढच्या पुलीमागे गुंडाळलेला धागा ऑइल सील (इंजिनाचं तेल अडवणारी रबरी कडी) कापतो, आणि मग नवा बेल्टही तेलाने भिजून घसरू लागतो.