नवी रॅम लावली, पण डिस्प्ले येत नाही? दुकानात यायच्या आधी हे वाचा

“पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण डिस्प्ले नाही. रॅम खराब दिलीत तुम्ही.” रविवारी घरी पीसी जोडला की सोमवारी सकाळी हा फोन ठरलेला. मग रॅम दुकानात येते आणि आमच्या टेस्टच्या मदरबोर्डवर बहुतेक वेळा निमूट चालू होते. तुमचा हेलपाटा मात्र फुकट जातो.

कारण साधं असतं: रॅम पूर्ण बसलेली नसते. हल्ली बऱ्याच बोर्डांच्या रॅम स्लॉटला एकाच टोकाला क्लिप असते. ती टक्कन वाजली की आपल्याला वाटतं झालं. ग्राफिक कार्डाकडचं, बिनक्लिपचं टोक मात्र किंचित वर राहिलेलं असतं. टॉर्च मारून आडवं बघा. सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसत असेल, तर रॅम तिरकी आहे. एसएमपीएसचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचं, मागचं बटण बंद करा, वायर काढा, रॅम बाहेर काढून तिची खाच स्लॉटशी जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं सरळ दाबा. जोर बराच लागतो. बोर्ड जरा वाकल्यासारखा वाटतो आणि तिथेच लोक घाबरून थांबतात. म्हणून बोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्याआधीच, त्याच्याच खोक्यावर ठेवून रॅम बसवावी.

खाचच जुळत नसेल तर मात्र जोर नको. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या. दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाचेची जागा वेगळी आहे, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.

चार स्लॉट आणि दोन रॅम असतील तर साधारणपणे प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते कोणी बघत नाही.

डीडीआर५वाल्यांनी आणखी थोडा धीर धरावा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेवढ्यात रीसेट दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. चहा टाका.

“६००० ची घेतली, ४८०० च दाखवते” ही रॅमच्या वेगाची तक्रार बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारा पर्याय, चालू केलं की मिटते. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३००० दिसलं तरी भांडायला येऊ नका. तो क्लॉकचा आकडा आहे, डीडीआरमध्ये त्याची दुप्पट धरायची.

एवढं करूनही अडलं तर जरूर या. उघडलेली रॅम आम्ही तुमच्यासमोर टेस्ट केल्याशिवाय बदलून देत नाही. काहींना याचा राग येतो. पण एकाची न तपासलेली रॅम दुसऱ्याला नवी म्हणून द्यायची, हे आमच्याकडे होणार नाही. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही आमच्याकडून घेतलंत तर बसवून, डिस्प्ले दाखवूनच देतो, वेगळे पैसे नाहीत. बाहेरून घेतलेला माल असेल तर तपासणीचे थोडे पैसे पडतील.

येताना नुसती रॅम खिशात घालून आणू नका, अख्खं कॅबिनेट आणा. मॉनिटर आमच्याकडे आहे.