अंतर्गत समिती आली कुठून?

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतींमध्ये दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेत, कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या नेमणुकीचा आदेश सहज दिसेल अशा जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. या आदेशाची सुरुवात राजस्थानातल्या भटेरी गावात झाली. भंवरीदेवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह रोखायला गेल्याचा राग धरून आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी तक्रार त्यांनी १९९२ मध्ये केली. १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. पण नेमून दिलेलं काम करताना बाईवर हे ओढवलं, तर कामावर ठेवणाऱ्याने हात झटकायचे का? ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या या प्रश्नासाठी.

वेतनातला भेदभाव त्याआधीच कायद्याच्या कक्षेत आला होता. समान वेतन कायदा १९७६ चा. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या महिला स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळत होता. युनियनशी करार झालाय, आर्थिक परिस्थिती बेताची आहे, या कंपनीच्या सबबी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये फेटाळल्या. लैंगिक छळाच्या बाबतीत मात्र बाईला पोलीस चौकीशिवाय वाट नव्हती. १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालाने अशा तक्रारींची जबाबदारी मालकावर टाकली: महिला अध्यक्ष, निम्म्या तरी महिला सदस्य आणि बाहेरची एक जाणकार व्यक्ती अशी समिती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं गेली, तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. इतका उशीर अक्षम्यच.

कायद्यातली सगळ्यात जास्त चुकवली जाणारी अट जागेची. कार्यालय वागळे इस्टेटला आणि प्लांट महापेला असेल, तर समित्याही दोन हव्यात. मुख्यालयाच्या एकाच समितीवर भागवलं किंवा बाहेरची सदस्य फक्त कागदावर ठेवली, की चौकशीवर कोर्टात पहिला आक्षेप रचनेवरच येतो. समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. ती संपल्यावर नवा आदेश काढायचं राहून जातं. कंत्राटी कामगार बायकांना तक्रारीचा हक्क नाही, हा गैरसमज तर सर्रास आढळतो. कंपनीने दिलेली रात्रपाळीची कॅबही कामाचंच ठिकाण धरली जाते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. सात कामाच्या दिवसांत तिची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला जाते, त्याचं उत्तर दहा कामाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत पूर्ण, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि शिफारशींवर मालकाची कारवाई ६० दिवसांत. तडजोड तक्रारदार बाईने मागितली तरच, तीही पैसे घेऊन नाही. समितीच नेमली नाही तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत.

दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईलाही हीच समिती. नवी मुंबईत इथेच घोळ होतो: ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कळंबोली, तळोजा रायगडमध्ये.