काळं रान दिसतं तसं नसतं

अमेरिकेतल्या इलिनॉयची 'ड्रमर' माती चिकोडी-अथणीच्या शेतकऱ्याला दाखवली, तर तो बिनदिक्कत म्हणेल, "काळं रान आहे की!" पण तिची घडण वेगळी. हिमनदी वितळताना पाण्याने आणलेल्या गाळावर वाऱ्याने बारीक माती अंथरली, तीतून ही झाली. बर्फाने मुलूख सपाट करून ठेवला आणि ओढ्यांना खोल पात्र कोरायला वेळच मिळाला नाही. त्यामुळे वसंतात पाणी जमिनीच्या अगदी वरपर्यंत चढतं. आधी जमिनीखाली निचऱ्याचे नळ टाकले, तर मका-सोयाबीनला याहून चांगली जमीन शोधून सापडायची नाही. तळघर किंवा शोषखड्डा मात्र तिथे करू नये.

आपल्या कृष्णा-दूधगंगेकाठची काळी माती बसाल्टची, म्हणजे लाव्हारसाच्या काळ्या खडकाची. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरणं जवळजवळ थांबतं. त्यावर उसाला वर्षभर पाटपाणी, म्हणजे जमीन चिबड, पाणी साचून बिघडलेली, झालीच.

मीटरभर खड्डा घेतला की ड्रमरच्या थरात राखाडी मातीवर गंजाचे ठिपके दिसतात. तुंबलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, जिवाणू लोह विरघळवतात, आणि मुळांच्या वाटेने हवा शिरते तिथे तेच लोह गंज होऊन बसतं. आपल्या काळ्या मातीत हे ठिपके गडद रंगाखाली झाकले जातात, म्हणून नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. हातभर खोल खड्डा पाण्याने भरा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा भरा. पातळी तासाला अडीच सेंटिमीटरही उतरली नाही, तर निचरा वाईट. अशा रानात निपाणीचा तंबाखू तर लावूच नये. साचलेल्या पाण्यात एक-दोन दिवसांत मान टाकतो.

पांढरं मीठ फुटलं की लोक थेट जिप्सम (जमीन सुधारायला वापरतात ते कॅल्शियमचं खनिज) आणतात. माती तपासून सोडियम जास्त निघालं, तर ते बरोबरच. पण जिप्सममुळे सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट हवी. निचरा नसेल तर ते तिथंच घुटमळतं.

ही वाट करून देण्यासाठी जमिनीखाली छिद्रांचे नळ साधारण एक ते सव्वा मीटर खोल, गाळणीचं कापड गुंडाळून टाकतात. शंभर मीटरला वीस सेंटिमीटर उतार पुरतो, पण तो सलग हवा. मधे खोलगट भाग राहिला की गाळ बसतो. सगळ्यात जास्त घोळ तोंडाशी होतो: नळ ओढ्याच्या पुराच्या पातळीखाली उघडला, तर ऐन पावसात ओढ्याचंच पाणी उलटं रानात शिरतं.