दहा गावं की एक शहर? स्ट्रॅटेजी गेममधल्या विस्ताराची पार्श्वभूमी

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांत एक वाद कायम पेटलेला असतो: सुरुवातीलाच भराभर पसरायचं, की आधी मोक्याचं साधन ताब्यात घेऊन मग पुढचं बघायचं? नव्या प्लेअरला वाटतं हा स्वभावाचा प्रश्न आहे, कुणी धाडसी तर कुणी सावध. मला ते पटत नाही. बहुतेक गेममध्ये पसरणं हेच मुळात फायद्याचं असतं, आणि त्याला वेसण कुठे घातली आहे त्यावर उत्तर ठरतं. ही वेसण गेम बनवणाऱ्यांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इतक्या वेळा बदलली की एका भागात जिंकून देणारी चाल पुढच्या भागात दिवाळं काढते.

पटावरच्या खेळांत हा पेच फार जुना आहे. 'गो'मध्ये कोपऱ्यात जागा बांधायला सगळ्यात कमी सोंगट्या लागतात, कारण दोन बाजू पटाची कडच सांभाळते. म्हणून आधी कोपरे, मग कडा आणि शेवटी मध्य. जपानमधली जुनी रीत अशी की कोपऱ्याजवळ एक सोंगटी टाकायची आणि दुसरी टाकून तो पक्का करायचा. १९३३ च्या सुमारास गो सेइगेन आणि किटानी मिनोरू या दोन तरुण खेळाडूंनी ती मोडली. दोन्ही बाजूंनी चौथ्या रेषेवर एकच सोंगटी ठेवायची, कोपऱ्यातून मोकळं व्हायचं आणि वाचलेली खेळी पटावर दुसरीकडे लावायची. त्याची किंमतही होती. प्रतिस्पर्धी तिसऱ्या रेषांच्या छेदावर शिरून तो कोपरा खाऊ शकतो. एक खेळी वाचवून कोपरा उघडा ठेवायचा की खर्चून बंद करायचा, हाच आपला प्रश्न.

'रिस्क' १९५७ मध्ये फ्रान्समध्ये आला, अल्बेर लामोरिस या चित्रपट दिग्दर्शकाने बनवलेला. त्यातला एक बारीक नियम पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. दर फेरीला ताब्यातल्या प्रदेशांच्या एक तृतीयांश फौज मिळते, पण किमान तीन. म्हणजे चार प्रदेश असोत की अकरा, मिळणार तीनच. नुसतं पसरून काही हाती लागत नाही. ऑस्ट्रेलियाचे चार प्रदेश घेतले तर मात्र दोन जादा, आणि तिथे शिरायला वाट एकच. आशियाचे सात जादा मिळतात, पण बारा प्रदेश सांभाळताना कंबरडं मोडतं. १९९५ च्या 'कटान'मध्ये क्लाउस टॉयबर यांनी हीच निवड साधनांच्या किमतीत बसवली. रस्ता आणि नवी वस्ती हवी तर मुख्यतः लाकूड आणि विटा (वस्तीला शिवाय लोकर आणि गहू), वस्तीचं शहर करायचं तर तीन खनिज आणि दोन गहू. पहिल्या दोन वस्त्या कुठे ठेवल्या, यावरूनच तुम्ही कोणत्या वाटेने जाणार ते समोरच्याला कळतं.

कॉम्प्युटरवर खरी गंमत सुरू झाली ती १९९१ मध्ये, सिड मायर आणि ब्रूस शेली यांच्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये. त्यात शहर मॅपवरच्या ज्या घरावर (चौकोनावर) वसतं ते मधलं घर फुकट उत्पन्न देतं, आणि शिवाय प्रत्येक नागरिकामागे एक घर कसता येतं. आता हिशोब करा. दहा नागरिकांचं एक शहर अकरा घरं कसतं. एकेका नागरिकाची दहा गावं वीस घरं कसतात. त्यात शहर जितकं मोठं, तितकं पुढच्या नागरिकासाठी धान्य जास्त साठवावं लागतं. म्हणजे मोठं शहर वाढवणं महाग आणि नवं गाव वसवणं स्वस्त. प्लेअरांनी हे लवकरच हेरलं आणि मॅप मुंग्यांच्या वारुळांसारखा खेटून खेटून भरायला सुरुवात केली. या प्रकाराला 'इन्फिनिट सिटी स्प्रॉल' असं नावच पडलं. ना देखणा, ना ऐतिहासिक, पण जिंकून देणारा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे पाय पसरल्याशिवाय अंथरूणच मिळत नव्हतं.

१९९३ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन' या अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेमची ओळख करून देताना ॲलन एमरिक यांनी या जातीच्या गेमना चार एक्सचं नाव दिलं, त्यातूनच 'फोर-एक्स' आलं. एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट, म्हणजे शोधा, पसरा, वापरा, संपवा. या क्रमात पसरणं दुसरं आणि साधनं वापरणं तिसरं. नाव ठेवणाऱ्याने तो क्रम शिफारस म्हणून दिला नसेल, पण तेव्हाचे गेम खरोखर त्याच क्रमाने खेळले जायचे.

पहिली मोठी वेसण २००१ च्या 'सिव्हिलायझेशन ३'मध्ये आली, आणि ती दुहेरी होती. राजधानीपासून लांबच्या शहरांना भ्रष्टाचाराने असं पोखरलं की त्यांचं उत्पादन जेमतेम एकावर यायचं. दुसरा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लोखंड, घोडे, सोरा ही साधनं मॅपवर ठरावीक घरांवरच ठेवली गेली, आणि लोखंड वितळवण्याची विद्या येईपर्यंत लोखंड दिसायचंच नाही. तुम्ही नदीकाठ, गवताळ जमीन बघून पाच शहरं झकास वसवलेली असतात. विद्या पूर्ण होते, मॅपवर लोखंडाची खूण उमटते, आणि ती तुमच्या सीमेपासून दोन घरांवर, शेजाऱ्याच्या हद्दीत. आता तलवारवाले बनणार नाहीत. उपाय दोन: सौदा करून विकत घ्या, नाहीतर ती जागा हिसकावून घ्या, तेही धनुष्यबाण घेऊन. असल्या डावात मी लोखंडाकडे शहर नेण्याऐवजी आधी चांगल्या कुरणाकडे नेलं होतं. पुढचे शंभर टर्न त्या कुरणाकडे बघत काढले.

साधन दिसत नसताना जमीन घेऊन ठेवणं म्हणजे सोडतीची तिकिटं घेण्यासारखं झालं, त्यामुळे पसरण्याला उलट एक नवं कारण मिळालं. वाद गुंतागुंतीचा झाला तो इथे. विस्तार आणि साधन ही दोन टोकं न राहता एकाच पावलाच्या दोन बाजू झाल्या: शहर वसवायचंच आहे, पण कोणत्या दिशेला?

२००५ च्या चौथ्या भागात, ज्याचे मुख्य डिझाइनर सोरेन जॉन्सन होते, भ्रष्टाचार काढून थेट पैशाचा खर्च आणला. शहरांची संख्या आणि राजधानीपासूनचं अंतर, दोन्हींवर देखभाल लागायची. घाईने सहा-सात शहरं वसवली की खजिना रिकामा व्हायचा, मग संशोधनाचा टक्का खाली ओढावा लागायचा, आणि तुम्ही भल्यामोठ्या प्रदेशाचे मागासलेले राजे व्हायचात. म्हणून तिथे दुसरं शहर तांबं किंवा घोडे दिसतील त्या दिशेला टाकण्याची सवय लागली. तांबं ब्राँझच्या विद्येबरोबरच दिसायचं, ते हाती आलं की कुऱ्हाडवाले उभे करता यायचे आणि मग शेजाऱ्याच्या शहरांकडे बघता यायचं.

२०१० चा पाचवा भाग आणखी कडक. नाराजी सगळ्या साम्राज्याची एकत्र मोजली जायची. साधारण मॅपवर प्रत्येक नवं शहर तीन अंकांनी नाराजी वाढवायचं, प्रत्येक नागरिक आणखी एकाने. नंतरच्या आवृत्त्यांत रेशीम, मीठ यांसारखं नवं चैनीचं साधन चार अंकांची खुशी द्यायचं. वजाबाकी सोपी आहे: नव्या प्रकारच्या चैनीच्या साधनावर बसलेलं एका नागरिकाचं शहर स्वतःचा भार स्वतः उचलतं, तसं साधन नसलेलं शहर डोक्यावर बसतं. लोखंडही आता मोजून मिळायचं, एका तलवारवाल्याला एक. २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या त्याच्या पुरवणीने प्रत्येक जादा शहरामागे संशोधनही महाग केलं. त्यात 'ट्रॅडिशन' ही धोरणशाखा पहिल्या चार शहरांना फुकट इमारती देते. मग काय, चार शहरं वसवा आणि थांबा, हाच शिरस्ता झाला. खरं सांगायचं तर हे मला स्प्रॉलइतकंच कंटाळवाणं वाटतं. वेसण इतकी घट्ट ओढली की घोडा चालायचाच थांबला.

रिअल-टाइम गेममध्ये हीच कथा मिनिटांत घडते. १९९२ च्या 'ड्यून २'मध्ये 'मसाला' हे मौल्यवान साधन गोळा करणारी गाडी होती, पण सारा खेळ एकाच तळाभोवती. 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) मध्ये तर नियमच कुलूप घालतो: दुसरं टाउन सेंटर, म्हणजे वस्तीची मुख्य इमारत, कॅसल या तिसऱ्या युगाआधी बांधताच येत नाही. विस्ताराला वेळेचा पैलू दिला तो १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'ने. चार कामगारांनी सुरुवात, एका कामगाराला ५० मिनरल (गेममधलं मुख्य साधन). झर्ग ही किड्यांसारख्या जीवांची फौज खेळणारा बाराव्या कामगारानंतर, झर्गलिंग हे छोटे सैनिक बनवायला लागणारा स्पॉनिंग पूल न बांधताच, ३०० मिनरलची दुसरी हॅचरी, म्हणजे दुसरा तळ, टाकतो. टिकला तर पुढची दहा मिनिटं त्याची. पण समोरच्याने नऊ कामगारांवरच पूल टाकला असेल, तर सहा झर्गलिंग दारात येऊन उभे राहतात आणि त्या हॅचरीची चैन अंगाशी येते. नऊवाल्याला सावध बचाव हरवतो, बचाववाल्याला बारावाला मागे टाकतो. या फिरत्या साखळीत पुढे गॅस या दुसऱ्या साधनाची भर पडली. काही मॅपवर तिसरा बेस (तळ) मिनरलचाच असतो, त्यात गॅस नसतो. झर्गला तर तिसऱ्या गॅसशिवाय मोठी फौज उभी करणं अवघड. म्हणून समोरचा टेरन (माणसांची फौज) खेळणारा अनेकदा सगळा जोर त्या एका बेसवर लावतो.

'स्टारक्राफ्ट २'च्या २०१५ मधल्या 'लेगसी ऑफ द व्हॉइड'ने दोन्हीकडून हात घातला. डाव आता सहाऐवजी बारा कामगारांनी सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीचा तो नाजूक काळ उडून गेला. आणि प्रत्येक बेसवरच्या निम्म्या मिनरलच्या ढिगांत माल कमी केला. घरात बसून राहिलात तर अर्ध्या कामगारांना काही मिनिटांतच काम उरत नाही.

त्यानंतरच्या वर्षी आलेल्या सहाव्या 'सिव्हिलायझेशन'ने साम्राज्याची एकत्र नाराजी मोडीत काढली. चैनीचं एक साधन चार शहरांना पुरतं, नाराजी ज्या त्या शहराची वेगळी. प्रत्येक नवा वसाहतवाला मात्र आधीच्यापेक्षा महाग. चार शहरांवर थांबलेले जुने प्लेअर पहिल्या काही डावांत सपाटून हरले.