गॅस्ट्रिक बँडनंतरचा घास

‘बँड बसवला म्हणजे पोट बांधलं, आता चार घासांत पोट भरणार’ असं सर्रास बोललं जातं. बँड बसवलेली माणसंही तेच धरून चालतात. मग बँडच्या वर उरलेला जठराचा इवलासा कप्पा भरेपर्यंत खायचं आणि भरला की थांबायचं, ही सवय लागते. बँडचे बरेचसे त्रास इथूनच सुरू होतात.

बँड म्हणजे वजन कमी करण्यासाठी बसवलेलं सिलिकॉनचं कडं. अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या जरा खाली ते जठराभोवती बसवतात. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो आणि तो बारीक नळीने पोटाच्या कातडीखालच्या पोर्टला, म्हणजे सुई टोचायच्या छोट्या डबीला, जोडलेला असतो. पोर्टमधून सलाईन भरलं की वाट अरुंद होते, काढलं की सैल होते. बेल्जियममध्ये शल्यचिकित्सक मितिकू बेलाचू यांनी १९९३ साली हे कडं दुर्बिणीने बसवलं, अमेरिकेत २००१ साली त्याला मंजुरी मिळाली. आता जठराचा मोठा भाग कापून काढणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रिया जास्त होतात, पण बँड वागवणारी माणसं आपल्यात आहेत आणि त्यांच्या ताटाबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं जातं.

घास गिळला की अन्ननलिकेच्या स्नायूंची लाट त्याला खाली ढकलते आणि आठ-दहा सेकंदांत तळाशी पोचते. एरवी तेवढ्यात काम होतं. बँड असला की एका लाटेत घास पार होत नाही. थोडा भाग खाली सरकतो, थोडा मागे उरतो. उरलेल्या भागाने भिंत ताणली जाते आणि त्या ताणामुळेच, न गिळता, दुसरी लाट उठते. मग तिसरी. नीट जुळवलेल्या बँडमधून एक घास जायला दोन ते सहा लाटा, म्हणजे जवळजवळ एक मिनिट लागू शकतं. मेलबर्नचे शल्यचिकित्सक पॉल ओब्रायन यांनी या गोष्टीवर भर दिला आणि खाण्याचे नियम तिच्यावरच बेतले.

दर लाटेला घास बँडपाशी जठराच्या भिंतीवर दाबला जातो. या भिंतीत स्नायूंच्या दोन थरांमध्ये चेतापेशींच्या गाठी असतात आणि त्यांच्यावर व्हेगस या लांबलचक चेतेची टोकं पसरलेली असतात. ताण आणि दाब ओळखणं हेच त्यांचं काम. त्यांचा संदेश व्हेगसमधून मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतल्या एका केंद्रात जातो, तिथून हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाकडे, आणि भूक उतरते. म्हणजे पोट भरल्याची भावना कप्पा गच्च झाल्यामुळे येत नाही. एकेक घास दाबत-दाबत पार होतो, त्यातून ती येते. पुढचा घास घेताना वरचा कप्पा जवळपास रिकामाच हवा.

घाईने खाल्लं की नेमकं काय बिघडतं, तेही याच रचनेत आहे. पहिली लाट अजून अन्ननलिकेत असताना पुन्हा गिळलं, तर नवं गिळणं जुन्या लाटेला थांबवतं. घटाघटा पाणी पिताना ही सोय उत्तम, कारण शेवटच्या घोटानंतर एकच लाट सगळं झाडून नेते. बँडवर मात्र अर्धवट पुढे गेलेला घास तिथेच राहतो आणि त्यावर दुसरा येऊन बसतो. असं रोज झालं तर कप्पा ताणून मोठा होतो आणि अन्ननलिकाही सैलावते.

म्हणून घास करंगळीच्या नखाएवढा, चावून-चावून अगदी मऊ केलेला, आणि गिळल्यावर पुढच्या घासापर्यंत एक मिनिट. एका वेळी शिजलेलं अन्न अर्धी वाटी ते फार तर एक वाटी. जेवण वीस मिनिटं ते अर्धा तास. त्यानंतर ताटात उरलं तरी उठायचं. आग्रह करणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास नको.

आता भाकरीचं. आपल्याकडे भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खायची रीत आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे पातळ आहार असतो, पुढचे दोन-तीन आठवडे घोटलेलं आणि मऊ. त्या मऊ टप्प्यावर कुस्करलेली भाकरी चालते. घट्ट आहार सुरू झाल्यावरही तोच काला चालू ठेवला तर तो बँडमधून न अडता निघून जातो, भिंतीवर दाब पडत नाही आणि तासाभरात भूक लागते. अशा वेळी ‘बँड सैल झाला’ म्हणून सलाईन वाढवून घेण्याआधी ताट तपासावं. ज्वारीची भाकरी घट्ट पिठल्याशी किंवा वांग्याच्या भाजीशी, चावून खाल्लेली चांगली. ताज्या मऊ चपातीत ग्लुटेन असतं, त्याचा चिकट गोळा होऊन अडकतो. मोकळा न झालेला भात आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी यांचंही तेच. शेवग्याच्या शेंगा, गवारीच्या शिरा, चिवट मटण आणि संत्र्याच्या फोडींवरची सालपटं अडकतातच. सांगलीचे बेदाणे आत ओल धरून फुगतात.

दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणून ताटात आधी तीच खावीत. कराड-इस्लामपूरकडचा अख्खा मसूर मऊ शिजवून, तेल बेताने घातला तर फार उपयोगी आहे. शंभर ग्रॅम शिजलेल्या मसुरात आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका अंड्यात सहा ग्रॅम.

बँडला गोड पातळ पदार्थ अडवता येत नाहीत. उसाच्या रसाच्या २५० मिलिलिटरच्या ग्लासात निदान ३० ग्रॅम साखर असते आणि ती सरळ खाली जाते. कंदी पेढा तोंडात विरघळून तसाच जातो. बिनसाखरेचं ताक दोन जेवणांच्या मध्ये प्यावं. ‘चरबी वितळवणारे’ काढे आणि मंतरलेले ताईत विकणारे बँडवाल्यांनाही सोडत नाहीत. असल्या काढ्याने चरबी वितळत नाही, आणि काहींमधल्या जुलाबाच्या औषधांनी अंगातलं पाणी तेवढं जातं.

घास अडकला की छातीच्या मध्यावर दाटतं आणि तोंडात फेसाळ लाळ येते. लगेच खाणं थांबवावं, उठून फिरावं. वरून पाणी पिऊ नये. ते घासावर साठून उलटी होते. उलटी झालीच तर वाट सुजलेली असते, म्हणून पुढचे २४ तास फक्त पातळ. वारंवार उलट्यांनी जठर बँडमधून वर सरकतं, आणि मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तर त्याच दिवशी बँड सैल करून घ्यावा.

शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईला झाली असली तरी अशा वेळी माणूस गावातल्या डॉक्टरांकडेच आधी जातो. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. पोर्टमध्ये फक्त त्यासाठीची खास टोकाची ह्यूबर सुईच घालायची, कारण साध्या सुईने त्याचा पडदा कातरला जाऊन सलाईन गळतं. आणि उलट्या बरेच दिवस चालू असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी शिरेतून थायमिन, म्हणजे बी-१ द्यायचं. ते कमी असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि ती कायमची राहू शकते.