आयफेल टॉवर: पॅरिस सहलीला निघण्याआधी एवढं वाचा

आमच्या सहलीत आयफेल टॉवरचं दुसऱ्या मजल्यापर्यंतचं लिफ्टचं तिकीट असतं. "शेंड्यापर्यंत का नाही?" हे नाव नोंदवताना बहुतेक जण विचारतात. उत्तर पुढे दिलंय. त्याआधी, ज्या एका गोष्टीमुळे सगळ्या ग्रुपचा खोळंबा होतो ती सांगतो.

ती म्हणजे खांद्यावरची पिशवी. पूर्वी जाऊन आलेल्यांना टॉवरखालून सहज फिरल्याचं आठवत असतं. पण २०१८ पासून तिथे भोवती संरक्षक काचेची भिंत आहे. नुसतं खाली उभं राहायचं तरी तपासणी होते, आणि वर जाताना पुन्हा एकदा. सुरी, कात्री, काचेची बाटली, मोठी बॅग, काहीच चालत नाही. सामान ठेवायला लॉकरही नाही. आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या पर्समध्ये नेमका अडकित्ता निघतो. तो सासूबाईंच्या वेळचा असतो, त्यामुळे टाकवत नाही. मग कोणीतरी तो घेऊन बाहेर थांबतं, बाकीचे त्यांच्यासाठी थांबतात आणि तिकिटावर छापलेली वेळ टळते. म्हणून अडकित्ता, फळं कापायची सुरी, लोणच्याची बरणी हॉटेलच्या खोलीतच राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. नाश्त्यानंतर आमचे टूर मॅनेजर पिशवी एकदा तपासून घ्यायला सांगतात. काहींना ते आवडत नाही, पण त्या पाच मिनिटांमुळे पुढचा तासभर वाचतो, म्हणून आम्ही ती पद्धत सोडलेली नाही.

आता शेंड्याबद्दल. दुसरा मजला सुमारे ११६ मीटरवर आहे, शेंड्याची गॅलरी २७६ मीटरवर. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट बदलावी लागते, तिथे वेगळी रांग असते, आणि वारा किंवा गर्दी फार झाली की शेंडा बंद ठेवतात. शिवाय दुसऱ्या मजल्यावरून सीन नदीवरचे पूल, अँव्हालिडचा सोनेरी घुमट, टेकडीवरचं पांढरं साक्रे-कर चर्च नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. फार उंचावरून शहराचा नकाशा होतो. आम्हाला विचाराल तर दुसरा मजलाच खरा.

तिथे लोखंडही जवळून बघा. सांधे रिव्हेटनी, म्हणजे जाड लोखंडी खिळ्यांनी जोडलेले आहेत; असे रिव्हेट एकूण सुमारे २५ लाख. जागेवर रिव्हेट बसवायला चौघांची टोळी लागे: एक तो तापवणार, एक धरणार, एक डोकं घडवणार, एक घण घालणार. रिव्हेट थंड होताना आकसतो आणि पत्रे आवळून धरतो. असं करत जानेवारी १८८७ मध्ये सुरू झालेलं काम ३१ मार्च १८८९ ला पुरं झालं, फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीच्या प्रदर्शनासाठी. नाव गुस्ताव्ह आयफेलचं असलं तरी मूळ कल्पना त्याच्या कंपनीतल्या मोरिस केश्लाँ आणि एमिल नुगिए या अभियंत्यांची.

परवानगी फक्त २० वर्षांची होती. नंतर टॉवर पाडायचा असंच ठरलेलं, आणि पॅरिसमधल्या नामवंत लेखक-चित्रकारांनी तर बांधकाम चालू असतानाच जाहीर निषेध केला होता. टॉवर वाचला तो बिनतारी संदेशांमुळे. १८९८ मध्ये युजेन द्युक्रेते या फ्रेंच संशोधकानं टॉवरवरून चार किलोमीटरवरच्या पँथिऑन या इमारतीपर्यंत संदेश पाठवला. एवढ्या उंचीचा अँटेना लष्कराला दुसरीकडे मिळणार नव्हता, म्हणून मुदत वाढली. आजची ३३० मीटर उंचीसुद्धा २०२२ मध्ये बसवलेल्या अँटेनामुळेच आहे.

हे ऐकून शेंड्यावर जावंसं वाटलं तर आम्ही अडवणार नाही. नोंदणीच्या वेळीच सांगा, ती तिकिटं लवकर संपतात. फरकाची रक्कम तेवढी भरावी लागेल.

अंधार पडल्यावर दर तासाला टॉवर पाच मिनिटं लुकलुकतो, म्हणून सीनवरची बोटीची फेरी आम्ही शक्यतो रात्रीची घेतो. जून-जुलैत तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. त्या दिवशी दुपारी विश्रांती घ्या आणि बोटीवर स्वेटर न्या.